बेडफर्ड फॉल्सचा थोरला

नाताळच्या चित्रपटावर दिवाळी अंकात लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात केकची फोड वाढण्यासारखे आहे. पण ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा अमेरिकन चित्रपट ज्या पेचावर उभा आहे तो आपल्याला परका वाटू नये. सणाचा दिवस आहे, वह्या तपासायला सरकारी अधिकारी पेढीवर येऊन बसला आहे, आणि रोकड मोजली तर आठ हजार डॉलर कमी! लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वहीवर हळदकुंकू वाहणाऱ्या घरांत ह्या प्रसंगातली धडधड समजावून सांगावी लागणार नाही.

अमेरिकेत हा चित्रपट दर नाताळला घरोघरी पाहिला जातो. आजोबांनी पाहिला, नातवंडे पाहतात. त्याची कीर्ती गोड चित्रपट म्हणून आहे. पंख मिळवू पाहणारा भोळा देवदूत, घंटेची किणकिण, भुरभुरणारा बर्फ, शेवटी सगळे गाव एका दिवाणखान्यात जमून गाणे म्हणते, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात राहते. मी तो अनेकदा पाहिला आहे, आणि प्रत्येक खेपेला मला तो आधीपेक्षा अधिक कडू वाटला आहे. त्याच्या चिरंजीवपणाचे मर्म मी त्या कडूपणात शोधतो. गोड चित्रपट पुष्कळ निघतात आणि पुढच्या सणापर्यंत विरून जातात.

त्याची जन्मकथाही थोडी विलक्षणच आहे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न नावाच्या लेखकाने ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’ ही छोटीशी गोष्ट लिहिली. ती कोणी छापीना. तेव्हा १९४३ च्या नाताळात त्याने पदरमोड करून तिच्या दोनशे प्रती काढल्या आणि शुभेच्छापत्र म्हणून स्नेह्यांना वाटल्या. ती गोष्ट आरकेओ कंपनीने दहा हजार डॉलरांना घेतली आणि तिथून ती दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या हाती आली. काप्रा युद्धकाळात सैन्यासाठी माहितीपट करून नुकतेच परतले होते. नायक जेम्स स्ट्यूअर्ट बाँबफेकी विमानांचा वैमानिक म्हणून शत्रूच्या प्रदेशावर वीस मोहिमा करून आला होता. युद्धानंतरचा हा त्याचा पहिला चित्रपट. २० डिसेंबर १९४६ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये झळकला. ऑस्करसाठी त्याची पाच नामांकने झाली, पण त्यांतले एकही पारितोषिक हाती लागले नाही. वेगळे असे तांत्रिक पारितोषिक तेवढे मिळाले, तेही बर्फाला! उन्हाळ्यात चित्रण झाल्यामुळे बर्फ बनवावा लागला होता. पूर्वी त्यासाठी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकीत, ते पायाखाली कुरकुरत आणि संवाद ऐकू येत नसत. इथे आग विझवण्याच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून निःशब्द बर्फ पाडला. धंद्याच्या दृष्टीने चित्रपट पडला असेच म्हणायचे. काप्रांनी मोठ्या उमेदीने काढलेली लिबर्टी फिल्म्स ही स्वतंत्र संस्था फार काळ टिकली नाही.

पुढे १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आणि नूतनीकरण करायचे राहून गेले. फुकट मिळतो म्हटल्यावर दूरदर्शन केंद्रांनी तो नाताळात दाखवायला सुरुवात केली. एकेका गावात एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीनदा. मूळ गोष्टीच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन १९९३ च्या सुमारास त्याला पुन्हा मालक मिळाला, पण तोवर तो लोकांचा झाला होता. काही जण म्हणतात, त्याच्या लोकप्रियतेचे सारे रहस्य ह्या फुकटेपणातच आहे. मला हे पटत नाही. हक्क संपलेले चित्रपट कितीतरी होते. फुकट मिळालेली वस्तू माणूस एकदा घरात घेतो. दर वर्षी पुन्हा काढतो ती कामाची असली तरच.

आता कथेकडे वळतो. बेडफर्ड फॉल्स हे न्यूयॉर्क राज्यातले कल्पित छोटे गाव. तिथे बेली कुटुंबाची एक लहानशी पेढी आहे. ‘बिल्डिंग अँड लोन’ म्हणतात तिला. आपल्याकडच्या पतपेढीच्या जवळची. शेजारीपाजारी थोडी थोडी बचत ठेवतात, त्याच पैशातून त्यांच्यातल्याच कोणाला घर बांधायला कर्ज मिळते. गावातला बाकीचा सगळा व्यवहार हेन्री पॉटर ह्या सावकाराच्या मुठीत आहे. बेलींचा थोरला मुलगा जॉर्ज. लहानपणापासून त्याला एकच ध्यास, की ह्या गावातून निघायचे. जगाचा प्रवास करायचा, मोठमोठे पूल बांधायचे. हा माणूस चित्रपटभर निघतच असतो. प्रवासाची भली मोठी बॅगसुद्धा घेऊन ठेवलेली असते. आणि प्रत्येक खेपेला उंबरठ्यावर काहीतरी आडवे येते.

वडील जातात. पेढी बंद पडू द्यायची नसेल तर जॉर्जने ती चालवावी, अशी संचालकांची अट पडते. म्हणून कॉलेजसाठी साठवलेले पैसे धाकट्या हॅरीला दिले जातात. चार वर्षांनी तो शिकून येईल, पेढी सांभाळील आणि मग जॉर्ज सुटेल. हॅरी येतो तो बायको घेऊन, आणि सासऱ्याने देऊ केलेल्या नोकरीची बातमी घेऊन. स्टेशनवरचा तो प्रसंग मी ह्या चित्रपटाचा कणा मानतो. नवी सून हसत हसत नोकरीचे सांगते. हॅरी मनाचा चांगला आहे, अजून काही पक्के नाही म्हणतो. सगळे पुढे चालू लागतात, आणि कॅमेरा जॉर्जच्या चेहऱ्याबरोबर सरकत राहतो. स्ट्यूअर्ट एक शब्द बोलत नाही. पुन्हा एकदा आपण इथेच राहणार, हे त्याला कळले आहे. ते धाकट्याला कळू द्यायचे नाही, हेही त्याने ठरवले आहे. हे सारे चार-सहा पावलांच्या अंतरात घडते, आणि मग तो हसून त्यांच्यात मिसळतो.

अशा थोरल्यांची आपल्याकडे वाण नाही. आमच्या घरात एक मोठे काका होते. त्यांनी भावांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने केली आणि स्वतः जिल्ह्याच्या गावाबाहेर फारसे कधी गेले नाहीत. त्यांच्या ट्रंकेत रेल्वेची जुनी वेळापत्रके होती. ती ते कादंबरी वाचावी तशी वाचीत. घरात सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. देवमाणसाला राग येतो का, हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही. आपल्या कथाकादंबऱ्यांनी आणि बोलपटांनी ह्या थोरल्याला पुष्कळ हार घातले, पण बहुधा त्याला मूर्ती करून ठेवले. काप्रांनी त्याला रागावू दिले, हे त्यांचे मोठेपण.

आणि तो राग कुठे कुठे निघतो पाहा! मेरीच्या घरातला टेलिफोनचा प्रसंग घ्या. जॉर्ज तिच्यावर प्रेम करतो हे गावाला ठाऊक आहे, त्यालाही आहे. पण तिच्याशी लग्न म्हणजे गावाशी लग्न. श्रीमंत मित्राचा फोन येतो, दोघांना एकाच रिसीव्हरला कान लावून उभे राहावे लागते. तिकडून मित्र नव्या धंद्यात हमखास पैसा आहे असे सांगतो आहे, आणि इकडे ह्या दोघांच्या चेहऱ्यांत चार बोटांचे अंतर. शेवटी जॉर्ज तिचे दंड धरून तिला गदागदा हलवतो. मला धंदा नको, लग्न नको, मला हवे ते करायचे आहे, असे ओरडतो आणि त्याच श्वासात तिला कवटाळून रडतो. प्रेमाच्या कबुलीत इतका संताप मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेला नाही. डोना रीडने इथे केलेले काम स्ट्यूअर्टच्या सावलीत झाकून जाते, हा तिच्यावर अन्यायच आहे. तिचे डोळे पाहावेत.

लग्नाच्याच दिवशी मंदीची लाट गावात पोचते. लोक ठेवी काढायला पेढीवर धावतात. मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर मेरी स्वतः पुढे करते. जॉर्ज गर्दीला समजावतो की तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत, त्याचे तुमच्या घरात. पतपेढी म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगणारे पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. मग एकेक जण आपली निकड सांगतो. कोणी सगळी ठेव मागतो, कोणी वीस डॉलर. एक गरीब बाई भीत भीत साडेसतरा मागते, आणि जॉर्ज काउंटरवर वाकून तिच्या गालाचा मुका घेतो. संध्याकाळी पेढी बंद होते तेव्हा शिल्लक दोन डॉलर. पुढे पॉटर त्याला वर्षाला वीस हजारांची नोकरी देऊ करतो. जॉर्जची कमाई तेव्हा आठवड्याला पंचेचाळीस डॉलर. क्षणभर तो भुलतो. तो भुलतो म्हणूनच त्याच्या नकाराला किंमत आहे.

असे करता करता १९४५ चा नाताळ उजाडतो. धाकटा हॅरी युद्धात पराक्रम गाजवून देशाचे सर्वोच्च पदक मिळवतो. लहानपणी बर्फाच्या पाण्यातून हॅरीलाच काढताना जॉर्जचा डावा कान गेला होता, म्हणून तो सैन्यात जाऊ शकलेला नाही. विसरभोळा बिलीकाका बँकेत भरायचे आठ हजार वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून चुकून पॉटरच्याच हाती देतो, आणि पॉटर ते दाबतो. जॉर्ज त्याच पॉटरपुढे पदर पसरायला जातो. तारण काय, तर पंधरा हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी. जिवंतपणापेक्षा मेल्यावर तुझी किंमत जास्त, असे तो म्हातारा हसत सांगतो.

त्यानंतर जॉर्ज घरी येतो. कुटुंबाने एकत्र बसून पाहायच्या चित्रपटात हा प्रसंग ठेवायला धैर्य लागते. मुले झाड सजवत आहेत, एक मुलगी पियानोवर तेच तेच गीत घोकते आहे, मुलगा शब्दांची स्पेलिंगे विचारतो आहे, धाकटी सर्दीने अंथरुणात. जिना चढताना कठड्याच्या खांबावरचा लाकडी गोळा जॉर्जच्या हातात येतो. तो नेहमीच येत असावा. ती वस्तू भिरकावून द्यावी, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले असते. मग खाली येऊन तो पोरांवर खेकसतो, मास्तरणीला फोनवर वाटेल ते बोलतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलेल्या पुलांच्या छोट्या प्रतिकृती लाथेने उडवतो. न बांधलेले पूल! मुले रडू लागतात. आपला प्रेमळ बाप आपल्याला ओळखू येईनासा होणे, ही भीती ज्या मुलाने घरात एकदा तरी अनुभवली आहे त्याला हा प्रसंग विसरता येत नाही. गुत्त्यात बसून तो देवाची करुणा भाकतो, तेव्हा स्ट्यूअर्टला खरोखरच रडू कोसळले. ते ठरलेले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले आहे. काप्रांनी जवळून चित्रण केलेले नव्हते, म्हणून तो चेहरा प्रयोगशाळेत मोठा करून घेतला. चित्र तिथे जरा खरबरीत दिसते ते त्यामुळे.

दोन तास दहा मिनिटांच्या ह्या चित्रपटात देवदूत क्लॅरन्स प्रत्यक्ष अवतरतो तो तब्बल दीड तास उलटल्यावर, जॉर्ज पुलावर उभा राहून खालच्या काळ्या पाण्याकडे पाहत असताना. आपल्या कथांतले देव प्रसन्न झाले की काही ना काही देतात. हा देवदूत मात्र छदामही देत नाही. तो वजाबाकी करून दाखवतो. तू जन्मलाच नसतास तर गाव कसे असते, ते बघ. आणि ह्या वजाबाकीची पहिली खूण काय असावी? जॉर्जचा बहिरा कान ऐकू लागतो! पटकथाकारांची ही सूक्ष्म नजर मला फार आवडते. कान बरा झाला, कारण भावाला वाचवलेच नाही. मग स्मशानात हॅरीचे थडगे दिसते. ज्या सैनिकांना हॅरीने वाचवले असते तेही गेलेले. गावाचे नाव पॉटर्सव्हिल झालेले, रस्त्यावर दारूचे गुत्ते आणि लखलखत्या पाट्या. जॉर्जने वसवलेल्या घरांच्या जागी कबरस्तान. ज्या औषधविक्याने पुत्रशोकात भलतेच विष गोळ्यांत भरले आणि पोरगेल्या जॉर्जने ज्याला सावरले, तो आता वीस वर्षे तुरुंगात काढून आलेला भणंग म्हातारा आहे. स्वतःची आई दारात ओळख देत नाही. सख्ख्या आईच्या त्या कोरड्या, संशयी नजरेपुढे भुताखेतांचे चित्रपट पोरखेळ वाटावेत.

इथे एक दोष सांगितलाच पाहिजे. जॉर्जविना मेरीचे काय झाले, तर ती चष्मा लावून ग्रंथालय बंद करणारी भेदरलेली अविवाहिता झाली! ग्रंथपाल होणे ही आपत्ती कशी, हे मला अजून उमगलेले नाही. मेरीसारखी तडफदार मुलगी जॉर्ज नसता तरी काही भेकड झाली नसती. इथे काप्रांची कल्पनाशक्ती आळसावली.

ह्याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. गरिबाने आहे तिथेच राहावे, स्वप्ने मारावीत आणि त्यालाच सुख म्हणावे, असे हा चित्रपट शिकवतो काय? गंमत म्हणजे १९४७ साली अमेरिकेच्या एफबीआयच्या एका अहवालात नेमकी उलटी तक्रार नोंदली गेली होती. बँकवाल्याला खलनायक केले आहे, तेव्हा ह्यात साम्यवादी प्रचार असावा! एकाला तो शरणागती शिकवणारा वाटतो, दुसऱ्याला बंड. मला पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य दिसते, आणि तरीही तो टिकत नाही. चित्रपटाने जॉर्जचे नुकसान कुठेही लपवलेले नाही. शेवटी त्याला प्रवास घडत नाही. पूल बांधायला मिळत नाही. कोणी येऊन सांगत नाही की तुझी स्वप्नेच क्षुद्र होती. गमावलेले गमावलेलेच राहते. त्याच्या शेजारी, इतकी वर्षे न मोजलेले, दुसरे काहीतरी आणून ठेवले जाते. दोन्ही रकमा वहीत आहेत, आणि एकीने दुसरी फिटली असे काप्रा म्हणत नाहीत. आमच्या मोठ्या काकांना हा चित्रपट दाखवता आला असता तर त्यांनी काय म्हटले असते, हा विचार माझ्या मनात येतो. कदाचित काहीच म्हणाले नसते. पण जिन्यावरचा तो सुटा गोळा त्यांनी नक्की ओळखला असता.

पॉटरचेही तसेच. त्या काळी हॉलीवूडच्या नियमावलीप्रमाणे पडद्यावरच्या गुन्हेगाराला शासन व्हावे असा दंडक होता. इथे पॉटर आठ हजार पचवतो आणि सुखाने आपल्या खुर्चीत बसून राहतो. कोणाला कळतसुद्धा नाही. लायनेल बॅरीमूरने तो असा रंगवला आहे की एका पैशाचाही पश्चात्ताप त्याच्या चेहऱ्यावर उमटत नाही. दुष्टाचे पारिपत्य न करता प्रेक्षकाला समाधानाने घरी पाठवणे सोपे नाही. मला तर वाटते, हा चित्रपट खोटा न वाटण्याचे एक कारण हेच आहे. आपण ज्या गावांत राहतो तिथले पॉटरही आपापल्या खुर्च्यांत बसलेले असतात.

काप्रांना भाबडे म्हणणाऱ्यांनी त्यांचे मूळ ध्यानात घ्यावे. १८९७ साली सिसिलीत जन्मलेला हा मुलगा १९०३ मध्ये आईबापांबरोबर बोटीने अमेरिकेत आला. चित्रपटात मार्टिनी नावाचे इटालियन कुटुंब पॉटरच्या खुराड्यातून निघून जॉर्जच्या पेढीने बांधून दिलेल्या घरात राहायला जाते. पोराबाळांसकट शेळीही गाडीत बसते, आणि उंबरठ्यावर त्यांच्या हाती पाव, मीठ आणि मद्य दिले जाते. तो गृहप्रवेश असा प्रेमाने चित्रित केला आहे की, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्याचा अर्थ दिग्दर्शकाला पुस्तकातून कळलेला नाही, हे लगेच जाणवते. आपल्याकडे काप्रा तसे परके नाहीत. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा अमेरिकेतर्फे ते आले होते. त्यांच्या १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून बेतलेला राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ १९५६ साली आला, तो तर अनेक घरांत आजही आवडीने पाहिला जातो.

पाहायचा झाल्यास हा चित्रपट कृष्णधवलच पाहावा. १९८० नंतर त्याच्या रंगवलेल्या आवृत्त्या निघाल्या. काप्रांनी आणि स्ट्यूअर्टनीही त्यांना कडाडून विरोध केला होता. पॉटर्सव्हिलच्या काळ्या रात्रीनंतर जॉर्ज पुन्हा पुलावर येतो, बर्फ पडू लागतो, आणि धाकटीने दिलेल्या फुलाच्या पाकळ्या त्याच्या खिशात सापडतात. त्या अंधाराचे आणि त्या पांढरेपणाचे नाते रंगांत उरत नाही. मग तो धावत घरी येतो. तो सुटा गोळा जिन्यावर पुन्हा त्याच्या हातात येतो आणि ह्या वेळी तो त्याचे चुंबन घेतो. मागाहून गाव लोटते. टोपल्या, बरण्या, खिसे टेबलावर रिकामे होतात. त्या गर्दीत वह्या तपासायला आलेला तो अधिकारीही उभा आहे. सगळे जॉर्जकडे पाहत असताना तो खिशात हात घालतो आणि आपलीही एक नोट त्या ढिगावर टाकतो. फार चटकन होते ते. पाहायचे राहून जाऊ नये.